नवी दुभती शेळी आणलीय, दूध निम्म्याच्या खाली आलं आणि रात्रभर ओरडते

नवखी गवळण | शुक्रवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय आणि तोही रडगाण्याचा.

मंगळवारी एक दुभती शेळी घरी आणली. दुसरं वेत, व्यायला अडीच महिने झालेत. अंगावर ठिपके म्हणून नाव ठिपकी. घेण्याआधी दोनदा जाऊन समोर धार काढून बघितली होती. सकाळी सव्वा लिटर, संध्याकाळी पाऊण. इथे आल्यावर पहिल्या दिवशी दोन्ही वेळचं मिळून एक लिटर, नंतर आठशे मिली, आज सातशे.

धार काढायला बसलं की पाय झाडते, दोनदा भांडं उपडं केलं. चांगला खुराक आणून ठेवलाय, हुंगते आणि तोंड फिरवते. आणि ओरडणं! रात्री अकरापासून पहाटेपर्यंत. शेजारचे अजून काही बोलले नाहीत, पण बघतात.

माझी फसवणूक झाली का? की आजारी आहे? जंताचं औषध आणून ठेवलंय, उद्या पाजून टाकू का?

---

दावणीचा दोर | शुक्रवार, रात्री १०.०५

फसवलं म्हणायची घाई नको. औषधाची बाटली कपाटात ठेवा आणि आधी एवढं सांगा:

करडं कुठे आहेत? तिथे ती काय खायची आणि तुम्ही काय देताय? धार कोण काढायचं, किती वाजता? तुमच्याकडे आणखी शेळ्या आहेत की ही एकटीच?

---

उंटावरचा शहाणा | शुक्रवार, रात्री १०.२०

माझ्याकडे शेळी नाही, कधी नव्हती, पण सल्ला द्यायला मी सर्वात योग्य माणूस आहे हे माझं नावच सांगतं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

नवखी गवळण | शुक्रवार, रात्री १०.५०

@दावणीचा दोर, करडं दोन. एक बोकड, एक पाट (मादी करडू). दोन्ही विकणाऱ्यांकडेच राहिली. त्यांच्याकडे करडांना आधी मिनिटभर पाजायचे, मग बाजूला करून धार काढायचे, शेवटी पुन्हा सोडायचे. मला वाटलं आता करडांचा वाटा वाचला, तेवढं दूध जास्तच मिळेल.

तिथे दिवसभर बाकीच्या शेळ्यांबरोबर बाहेर पाला खायची, संध्याकाळी वाळला चारा आणि धार काढताना दोन मुठी भरडा. मी गोळी पेंड आणलीय, सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा किलो ठेवते. धार मीच काढते, सकाळी सात, संध्याकाळी जमेल तशी. ते सहाला काढायचे.

आणि हो, एकटीच आहे.

---

खुरपं | शनिवार, सकाळी ६.१५

ताई, उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे, फक्त तुम्ही ते उलट्या बाजूने वाचताय. करडांचा वाटा वाचला नाही. करडं पान्हा आणत होती, तो पान्हा गेला.

कासेत दूध भरलेलं असणं वेगळं आणि ते खाली उतरणं वेगळं. सड चोळले, करडानं ढुशी मारली की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, रक्तातून कासेत येतं आणि दुधाच्या बारीक पिशव्या आवळल्या जातात. त्याचा जोर काही मिनिटंच टिकतो. शेळी घाबरलेली असेल तर ॲड्रिनलिन सुटतं आणि ते पान्ह्याला आडवं येतं. तुमच्या शेळीची चार दिवसांत जागा बदलली, कळप तुटला, करडं गेली, हात बदलला, वेळ बदलली, खाणं बदललं. तरी सातशे मिली देतेय म्हणजे गरीब स्वभावाची दिसते.

शिवाय जे दूध कासेत राहतं ते 'आता कमी बनव' असा निरोप देतं. म्हणून रोज थोडं थोडं उतरतंय.

करून बघा: कोमट पाण्याच्या फडक्यानं कास पुसा, कोरडी करा. मग अर्धा-एक मिनिट कासेला दोन्ही हातांनी चोळा आणि मूठ बंद करून खालून वर हलक्या ढुशा द्या, करडू देतं तशा. हसू नका. सड टम्म फुगलेले दिसले की लगेच धार सुरू करा, मग उठून भांडं शोधायला जायचं नाही. प्रवाह मंदावला की पुन्हा दोन ढुशा आणि परत काढा. शेवटचं दूध असंच निघतं आणि स्निग्धांश त्यातच सर्वात जास्त असतो.

---

जुनी खोड | शनिवार, सकाळी ८.३०

खुरपंला +१. धार काढण्याबद्दल माझं थोडं.

नवशिक्या बायका-पुरुष सगळे एकच चूक करतात, सड खाली ओढतात. ओढायचा नसतो. अंगठा आणि तर्जनीनं सडाचं वरचं तोंड बंद करायचं, म्हणजे आत आलेलं दूध परत कासेत जात नाही. मग मधलं बोट, मग अनामिका, मग करंगळी, अशी वरून खाली मूठ मिटायची. मूठ सोडली की सड परत भरतो. हात जागचा हलत नाही. अंगठा दुमडून त्याच्या सांध्यावर सड दाबायची सवय कोणी लावली असेल तर ती सोडा, आतून इजा होते.

पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या गडद रंगाच्या वाटीत. गाठी, दोरे, पाण्यासारखं पातळ किंवा लालसर दिसलं तर ते दूध बाजूला आणि डॉक्टरला फोन. कासदाह असाच पकडता येतो. नाहीतर कास दगडासारखी झाल्यावर कळतो. झाल्यावर सडांना जंतुनाशकात बुडवा आणि शेळीला अर्धा तास उभी ठेवा, गव्हाणीत काहीतरी टाका म्हणजे बसणार नाही. सडाचं छिद्र मिटायला तेवढा वेळ लागतो. लगेच घाणीत बसली की तुमची मेहनत पाण्यात.

नखं कापा. हे कोणी सांगत नाही. माझी पहिली शेळी महिनाभर लाथा मारत होती आणि मी तिला खोडकर म्हणत होते.

---

काळी माती | शनिवार, सकाळी ९.१०

सगळं बरोबर, पण नवं जनावर दारात आलं की मी पहिल्याच दिवशी जंताचं औषध पाजतो. वीस वर्षं हेच करतोय. पोटात काय घेऊन आलीय कोणाला माहीत? पाजून टाका ताई.

---

नाडी परीक्षा | शनिवार, दुपारी १.४५

मी पशुवैद्यक आहे, पण शेळी समोर नसताना निदान करणार नाही. घरी बघता येतं तेवढं सांगतो.

थर्मामीटर गुदद्वारात घालून ताप बघा. साधारण ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस ठीक, भर उन्हात ४० पर्यंत जाऊ शकतो. डाव्या भकाळीवर, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यावर, मूठ दाबून ठेवा, कोटीपोटाची (पहिल्या मोठ्या पोटाची) लाट मिनिटाला एक-दोनदा हाताला जाणवली पाहिजे. रवंथ करते का? लेंड्या सुट्या, गोल आहेत का? हे सगळं जागेवर असेल तर ती आजारी नाही, दुःखी आहे.

@काळी माती, दादा, आदर ठेवून असहमत. सरसकट औषध पाजल्यानंच जंत औषधाला दाद देईनासे झालेत, हे जगभर दिसतंय. वजन अंदाजानं धरून कमी मात्रा दिली तर आणखी वाईट. मेंढीची मात्रा शेळीला बहुतेकदा पुरत नाही, कारण शेळी औषध लवकर बाहेर टाकते. शिवाय दुभत्या जनावराचं दूध औषधानंतर काही दिवस टाकावं लागतं, ते औषधागणिक वेगळं.

खालची पापणी उलटून बघा. लालबुंद किंवा गडद गुलाबी असेल तर घाई नाही. फिकी गुलाबी असेल तर लेंड्या तपासून घ्या. पांढरी फटक असेल, जबड्याखाली सूज असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. हिमॉन्कस नावाचा जंत चौथ्या पोटात बसून रक्त पितो, हगवण लागेलच असं नाही, त्यामुळे लेंड्या छान दिसतात आणि शेळी रक्त आटून जाते. या पापणीवरून दक्षिण आफ्रिकेत पाच रंगांचा तक्ताच तयार झाला, फमाचा म्हणतात त्याला.

आणि गोळी पेंड दिवसाला एक किलो? नवीन शेळीला? तिनं तोंड फिरवलं हे तुमचं नशीब.

---

काळी माती | शनिवार, दुपारी ३.२०

डॉक्टर, वीस वर्षं काही झालं नाही म्हणून तर सांगतो. पण मात्रेचं माहीत नव्हतं. मी वजन डोळ्यानंच धरतो. गेल्या पावसाळ्यात औषध देऊनही दोन गेल्या, तेव्हा कंपनीला शिव्या घातल्या होत्या.

---

नवखी गवळण | शनिवार, रात्री ८.१५

ताप ३९.१. पापणी गुलाबी, गडदच म्हणेन. लेंड्या गोल. मूठ ठेवून बसले, दीड मिनिटात दोनदा हाताखाली काहीतरी वळलं. अंगावर काटा आला, खरंच!

नखं कापली. ढुशा दिल्या. घरच्यांनी व्हिडिओ काढला, तो इथे टाकणार नाही. संध्याकाळी पाचशे निघालं, काल तीनशे होतं.

पण पेंड कमी करू? दूध वाढवायचं तर खुराक नको का?

---

दावणीचा दोर | शनिवार, रात्री ९.००

खुराकाने दूध वाढतं, पण तो पचवणारे जंतू पोटात आधी असावे लागतात. चारा बदलला की त्या जंतूंची वस्ती बदलायला आठवडा-दहा दिवस लागतात. सध्या विकणाऱ्यांकडून तोच भरडा थोडा मागून घ्या, तेवढ्याच दोन मुठी द्या आणि रोज चिमूटभर पेंड मिसळत जा. पोट भरायचं ते पाल्यानं आणि वाळल्या चाऱ्यानं.

शेळी ही गाय नव्हे. गाय मान खाली घालून चरते, शेळी मान वर करून ओरबाडते. पाला खाली टाकू नका, तिच्या तोंडाच्या उंचीला बांधून टांगा. पायाखालचं, लेंड्या-मूत लागलेलं ती खात नाही आणि ते बरोबरच करते, जंताची पिल्लं ओल्या गवतावर जमिनीपासून चार बोटांतच असतात.

पाणी बघा. दुभती शेळी दिवसाला पाच ते दहा लिटर पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त, पण बादलीत एक लेंडी पडली तरी तोंड लावत नाही. पाणी कमी झालं की दूध कमी, याला दुसरा इलाज नाही. खनिज मिश्रण शेळ्यांचंच घ्या. मेंढ्यांच्या मिश्रणात तांबं घालत नाहीत, मेंढीला ते विषारी ठरतं, शेळीला मात्र लागतं.

आणि कुंपणाला काय झाडं आहेत? कण्हेर, घाणेरी, एरंड असेल तर तिकडे सोडू नका. कण्हेरीची थोडी पानंसुद्धा पुरतात.

---

कोवळं ऊन | शनिवार, रात्री ११.३०

सगळे दुधावर बोलताय. ती रात्रभर ओरडते त्याचं काय?

माझ्याकडे अशीच एक एकटी आणली होती. ओरडणं थांबेपर्यंत नऊ दिवस लागले आणि मी समजले, रुळली. रुळली नव्हती, हाक मारायची थांबली होती. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. शेळी कळपाचं जनावर आहे, एकटी ठेवू नये. हे घेण्याआधी कोणीतरी सांगायला हवं होतं, पण आता तरी बघा. करडू परत मिळत असेल तर त्याच्यासारखं काही नाही.

---

उंटावरचा शहाणा | रविवार, सकाळी ७.५०

वरचा प्रतिसाद वाचून पॉपकॉर्न खाली ठेवलं.

---

नवखी गवळण | मंगळवार, रात्री ९.२०

आठवडा झाला. वेळ सहा-सहा पक्की केली. भरडा त्यांच्याकडूनच आणला. पाला तारेला उलटा टांगते, आता मला बघितलं की मागच्या पायांवर उभी राहते. लाथा जवळजवळ बंद. आज एक लिटर शंभर. मोजायची चूकही सापडली: मी मापात फेसासकट बघायचे. आता वजन करते.

रात्री अजून ओरडते, पण दोन-तीनदाच. पाटीबद्दल विकणाऱ्यांना विचारलं, विचार करून सांगतो म्हणाले.

---

नवखी गवळण | बुधवार, संध्याकाळी ७.०५

तातडीचं आहे, कोणी आहे का? पेंडीचं आणि मक्याच्या भरड्याचं पोतं पडवीत उघडं राहिलं. मी बाजूच्या खोलीत होते. आले तर ठिपकी तोंड घालून उभी. किती खाल्लं माहीत नाही, किलो-दीड किलो कमी दिसतंय. आत्ता तरी नेहमीसारखी आहे. काय करू?

---

नाडी परीक्षा | बुधवार, संध्याकाळी ७.११

आत्ताच तुमच्या डॉक्टरला फोन करा. नेहमीसारखी दिसतेय म्हणून सकाळपर्यंत थांबू नका, लक्षणं बहुधा काही तासांनी दिसतात आणि तोवर उशीर झालेला असतो.

धान्य, पेंड सगळं हटवा. फक्त वाळला चारा समोर ठेवा. तोंडात तेल, पाणी, काढा काही ओतू नका, श्वासनलिकेत गेलं तर दुसरंच संकट. उभी असेल तर हळूहळू फिरवा. डावी भकाळी दर अर्ध्या तासानं बघा.

---

खुरपं | बुधवार, संध्याकाळी ७.१८

फोन झाला का?

---

नवखी गवळण | बुधवार, संध्याकाळी ७.२५

झाला. तासाभरात येतायत. रवंथ करत नाहीये. भकाळी दाबली की मळलेल्या कणकेत बोट रुतावं तशी लागते.

---

नाडी परीक्षा | बुधवार, संध्याकाळी ७.३२

हे त्यांना लगेच कळवा, याच शब्दांत. फार छान निरीक्षण आहे.

---

नवखी गवळण | गुरुवार, सकाळी ६.४०

आहे. उभी आहे.

डॉक्टर आले, नळीनं पोटात खाण्याचा सोडा पाण्यात कालवून दिला, जीवनसत्त्व बी-१ चं इंजेक्शन दिलं, आणखी दोन दिली. आंत्रविषाराची लस झालीय का विचारलं. मला माहीतच नव्हतं. विकणाऱ्यांना रात्री दहाला फोन केला, त्यांनाही आठवेना. रात्री दोनला पातळ, राखाडी, आंबट वासाची हगवण. चालताना मागचा पाय अडखळत होता. मी गोठ्यात पोत्यावर बसून होते. पहाटे चारच्या सुमाराला तिनं काडी तोंडात घेतली, चावली नाही, नुसती धरून उभी राहिली. पाच वाजता घशाखालून वर एक गोळा सरकताना दिसला आणि जबडा फिरायला लागला. आयुष्यात कोणाला रवंथ करताना बघून रडेन असं वाटलं नव्हतं.

दूध दीडशे मिली. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढे दिवस ते ओतूनच द्यायचं आहे.

---

नाडी परीक्षा | गुरुवार, सकाळी ७.३०

वाचून बरं वाटलं.

पुढे वाचणाऱ्यांसाठी काय झालं ते सांगतो. भरड्यातलं पिष्ट कोटीपोटात झपाट्यानं आंबतं, लॅक्टिक आम्ल साठतं. चारा पचवणारे जंतू त्या आम्लात मरतात. शरीरातलं पाणी पोटात ओढलं जातं, म्हणून भकाळी थलथलीत आणि जनावर मात्र आतून कोरडं. बी-१ पोटातले जंतूच बनवतात, ते मेले की त्याचा तुटवडा होऊन मेंदूवर परिणाम होतो, म्हणून ते इंजेक्शन. आंत्रविषाराचे जीवाणू आतड्यात आधीच असतात, अचानक पिष्टाचा लोंढा आला की वाढून विष सोडतात. त्याची लस बरी झाल्यावर घ्या, पहिल्यांदाच असेल तर तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस.

याचा परिणाम खुरांवरही होऊ शकतो, म्हणून दोन आठवडे खुरांवर लक्ष ठेवा. गरम लागली, गुडघ्यावर टेकून खायला लागली तर कळवा. खुरं वाढलेलीही असतील, बरी झाल्यावर साळून घ्या, पुढे दर दीड-दोन महिन्यांनी.

---

जुनी खोड | गुरुवार, सकाळी ९.००

पोतं झाकणाच्या पिंपात. पिंपाला वजन. पडवीला कडी. कडी शेळीला तोंडानं उघडता येणार नाही अशी. हसू नका, उघडतात.

---

काळी माती | शुक्रवार, दुपारी १२.१०

ताई, मी वजनाचा टेप आणला. छातीच्या घेरावरून वजन कळतं म्हणे. माझ्या सगळ्यात मोठ्या शेळीचं वजन मी ५० किलो धरत होतो, ६८ निघालं. डॉक्टरांना सांगायचं होतं म्हणून लिहिलं.

---

पांढरा मेघ | शनिवार, सकाळी १०.२५

धाग्याची वाखूण साठवली. जरा वेगळा प्रश्न: शेळीचं दूध कच्चं प्यावं म्हणतात, ताकद येते. आणि दुधाला वास येतो त्याचं काय करायचं?

---

नाडी परीक्षा | शनिवार, दुपारी २.००

कच्चं नको. ब्रुसेलोसिस हा आजार शेळीच्या कच्च्या दुधातून माणसाला होतो, महिनोन्‌महिने ताप येतो-जातो, सांधे धरतात. याला माल्टा ताप म्हणायचे. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक वर्षानुवर्षं तापाने पडत होते. डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळेना. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीज झमित या माल्टाच्याच डॉक्टरनं दाखवलं की दारोदार धार काढून दूध देणाऱ्या, दिसायला ठणठणीत शेळ्याच तो वाहून नेतात. सैन्यात शेळीचं दूध बंद केल्यावर ताप झपाट्यानं ओसरला. दिसायला ठणठणीत, हे लक्षात ठेवा. नवी शेळी आणली की ब्रुसेलाची रक्ततपासणी करा, आणि दूध उकळा, किंवा ६३ अंशांवर ३० मिनिटं ठेवा.

वर्षाच्या आतल्या बाळाला मुख्य दूध म्हणून शेळीचं देऊ नका. त्यात फोलेट फारच कमी असतं, बाळाला पंडुरोग होतो.

---

जुनी खोड | शनिवार, दुपारी ४.४०

वास बहुतेक वेळा शेळीचा नसतो, आपला असतो. धार काढून दूध तसंच तासभर ठेवायचं, मग म्हणायचं वास येतो. गाळा आणि भांडं लगेच बर्फाच्या पाण्यात. बोकड जवळ बांधला असेल तर दूर न्या, माजावरच्या बोकडाचा दर्प दुधात उतरतो. एवढं करूनही येत असेल तर कास तपासा.

अवांतर: साय कमी येते म्हणून विकणाऱ्यानं पाणी घातलं असं समजू नका. शेळीच्या दुधातले स्निग्ध कण बारीक असतात, लवकर वर येत नाहीत.

---

नवखी गवळण | पुढचा सोमवार, रात्री ८.५०

दूध परत नऊशेवर. खुरं थंड आहेत. रक्त तपासायला दिलंय, लसीची तारीख ठरली.

आणि पाट आली! विकणाऱ्यांनी आज आणून सोडली. गाडीतून उतरायच्या आधीच ठिपकीनं ओळखलं. ओरडली नाही, घशातल्या घशात एक बारीक घुरघुर सुरू केली, मी हा आवाज आजवर ऐकलाच नव्हता. पाटीचं शेपूट आधी हुंगलं, मग चाटायला लागली. पाट थेट कासेला. मी धार काढायची भांडी घेऊन उभी होते, दोघींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता सगळं दूध तीच पिणार का?

---

खुरपं | पुढचा सोमवार, रात्री ९.१५

रात्री वेगळी बांधा, पण भिंत नको, फटीची जाळी ठेवा. एकमेकींना दिसल्या, हुंगता आल्या पाहिजेत, पाटीचं तोंड मात्र सडापर्यंत पोचू नये. सकाळी आधी तुम्ही धार काढा, मग पाटीला दिवसभर सोडा. सकाळचं दूध तुमचं, दिवसाचं तिचं. तीन महिन्यांची झाली, चारा खायला लागली की हळूहळू तोडा.

---

कोवळं ऊन | पुढचा सोमवार, रात्री ९.४०

त्या घुरघुरीसाठी धन्यवाद. माझी दुसरी आली तेव्हा मीही ऐकली होती.

---

नवखी गवळण | तिसरा शनिवार, सकाळी ६.५५

जाळी लावली. आज फक्त सकाळचं, एका धारेचं: एक लिटर तीनशे, फेसाशिवाय, वजन करून. रक्ताचा अहवाल चांगला आला. ठिपकी रात्रभर एक शब्द बोलत नाही, जाळीला पाठ लावून बसते.

पाट मात्र अकरापासून पहाटेपर्यंत ओरडते. शेजारच्यांनी काल विचारलं. नवा धागा काढू का?

---

उंटावरचा शहाणा | तिसरा शनिवार, सकाळी ७.०२

नको, इथेच लिहा. पॉपकॉर्न गरम करतो.